वत्सगुल्मावरून जाणारी रेषा आणि ‘मूळ’ नावाची संख्या

सातव्या शतकात लिहिलेल्या ‘महाभास्करीय’ या ज्योतिषग्रंथात गावांची एक यादी आहे. दक्षिणेला लंका, उत्तरेला मेरू आणि या दोहोंना जोडणाऱ्या सरळ दक्षिणोत्तर रेषेवर येणारी नगरे ओळीने सांगितली आहेत. त्यांत अवंती म्हणजे उज्जयिनी आहे, स्थाणेश्वर आहे, आणि अवंतीच्या दक्षिणेला वत्सगुल्माचे नाव आहे. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम.

ग्रंथकाराचे नाव भास्कर. ‘लीलावती’ लिहिणारे भास्कराचार्य त्याच्यानंतर सुमारे पाचशे वर्षांनी झाले, म्हणून अभ्यासक याला ‘पहिला भास्कर’ म्हणतात. ‘आर्यभटीया’वर त्याने ६२९ मध्ये भाष्य लिहिले. त्याने सांगितलेली रेषा ही त्या काळच्या ग्रहगणिताची मध्यरेषा होती. ग्रहांची स्थाने आधी या रेषेसाठी काढायची, मग आपले गाव तिच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला किती योजने आहे ते पाहून ‘देशांतर’ संस्कार द्यायचा, अशी रीत होती. ग्रंथांतली लंका हे आजचे श्रीलंकेतले कोणते गाव नव्हे. विषुववृत्त आणि मध्यरेषा जिथे छेदतात, त्या काल्पनिक बिंदूला ज्योतिषी लंका म्हणत.

पहिला भास्कर लिहीत होता तेव्हा वत्सगुल्माचे वैभव ओसरून शतकाहून अधिक काळ लोटला होता. चौथ्या शतकात वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन याचा मुलगा सर्वसेन याने इथे स्वतंत्र शाखा स्थापली. १९३९ मध्ये वाशीमला सापडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट त्याच्या राज्याच्या ३७व्या वर्षी वत्सगुल्माहूनच दिलेला आहे. त्यातली वंशावळ संस्कृतात आणि दानाचा मजकूर प्राकृतात आहे. पुढे याच शाखेतल्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवून घेतले. राजशेखरासारख्या कवीला तर वत्सगुल्म हे साहित्याचेच माहेरघर वाटले. वाकाटकांची सत्ता गेली, पण ज्योतिष्यांच्या यादीत नगराचे नाव टिकले. वाशीम शहरात मध्यमेश्वराचे मंदिर आहे, आणि पृथ्वीची मध्यरेषा तिथूनच जाते अशी श्रद्धा आहे.

आजच्या मोजणीनुसार वाशीम उज्जैनच्या रेखावृत्ताहून सव्वा ते दीड अंश पूर्वेला येते. दोन्ही ठिकाणच्या सूर्योदयात त्यामुळे पाचेक मिनिटांचा फरक पडतो. तारायंत्र किंवा अचूक घड्याळ नसलेल्या काळात रेखांश ठरवण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे चंद्रग्रहण. गणिताने आलेली ग्रहणाची वेळ आणि आपल्या गावात प्रत्यक्ष दिसलेली वेळ यांतल्या अंतरावरून देशांतर काढत. ही पद्धत ध्यानात घेतली तर यादीतली एवढी चूक मोठी वाटत नाही.

या रेषेवरून हिशेब करणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण होती, आणि ती संख्यांची होती.

आर्यभटाने ४९९ मध्ये दिलेल्या मानानुसार एका महायुगात सूर्याचे ४३,२०,००० भगण म्हणजे फेरे होतात, आणि तेवढ्याच काळात १,५७,७९,१७,५०० सावन दिवस जातात. एका संख्येला दुसरीने भागले की वर्षाचे मान मिळते. पण दर वेळी एवढ्या अवजड संख्या घेऊन कोण बसणार? म्हणून पहिल्या भास्कराने दोन्ही संख्यांना त्यांच्यातल्या सर्वांत मोठ्या सामाईक विभाजकाने भागून घेतले. शाळेत आज त्याला मसावि म्हणतात. तो काढायची रीत परस्पर भागाकाराची. मोठ्या संख्येला लहानीने भागायचे, मग लहानीला उरलेल्या बाकीने, मग त्या बाकीला पुढच्या बाकीने, आणि बाकी शून्य येईपर्यंत हेच करत राहायचे. इथे पहिला भागाकार ३६५ येतो आणि बाकी ११,१७,५०० उरते. पुढचे भागाकार ३, १, ६, २, ४, २ असे येत सातव्या पायरीला बाकी शून्य होते. शेवटचा भाजक ७,५०० असतो. त्याने दोन्ही संख्यांना भागले की ५७६ आणि २,१०,३८९ उरतात. म्हणजे २,१०,३८९ दिवसांत सूर्याचे बरोबर ५७६ फेरे पुरे होतात, एकही दिवस कमी नाही की जास्त नाही.

अशा, आणखी लहान न होणाऱ्या जोडीला आपल्या गणितात ‘दृढ’ म्हणतात.

दृढ जोडीचे महत्त्व समजायला गुरू आणि शनी पुरेसे आहेत. गुरूला राशिचक्र पुरे करायला सुमारे १२ वर्षे लागतात, शनीला सुमारे ३०. या दोन संख्यांत ६ हा विभाजक सामाईक आहे, म्हणून दोन्ही चक्रे ३६० वर्षांनी नव्हे, ६० वर्षांनीच पुन्हा एकत्र सुरू होतात. साठ संवत्सरांच्या चक्राचा मेळ या हिशेबाशी बसतो. उलट १२ वर्षांच्या चक्रासोबत ३१ वर्षांचे चक्र धरले, तर दोघांत सामाईक काहीच नाही. मग त्यांना एकत्र यायला बारा गुणिले एकतीस, म्हणजे पूर्ण ३७२ वर्षे लागतील, आणि मधल्या काळात पहिल्याच्या प्रत्येक वर्षाची दुसऱ्याच्या प्रत्येक वर्षाशी एकदा गाठ पडेल.

ज्योतिष्याचा प्रश्न याच गाठींचा होता. सूर्य आज अमुक अंशांवर आहे, तर युगारंभापासून किती दिवस गेले? दिवसांच्या या मोजणीला अहर्गण म्हणत. ५७६ ला अहर्गणाने गुणायचे, त्यातून सूर्याच्या स्थानावरून आलेले शेष वजा करायचे, आणि उरलेल्या संख्येला २,१०,३८९ ने निःशेष भाग जायला हवा. असा अहर्गण शोधण्याच्या रीतीला ‘कुट्टक’ म्हणतात. संख्या कुटून कुटून बारीक करणारी रीत, म्हणून हे नाव. तिचे सूत्र आर्यभटाच्या गणितपादात आहे, आणि ती उदाहरणांनी फुलवून ग्रहगणिताला लावण्याचे मोठे काम पहिल्या भास्कराने केले. जोडी दृढ असेल तर शेष कितीही असो, उत्तर मिळतेच. जोडी दृढ नसेल, तर काही शेषांना उत्तरच नसते.

आता ही २,१०,३८९ संख्या जरा निरखून पाहावी. तिला २, ३, ५, ७ यांनी भाग जात नाही. ११, १३, १७ यांनीही जात नाही. पण ६१ ने जातो, आणि भागाकार ३,४४९ येतो. त्यामुळे ती स्वतः अभंग, म्हणजे न फुटणारी, संख्या नाही. ५७६ तर सहा वेळा २ आणि दोन वेळा ३ यांच्या गुणाकाराने बनलेली आहे. दोघींचे घटक वेगळे आहेत, म्हणून त्या एकमेकींच्या संदर्भात दृढ ठरतात, आणि ज्योतिष्याचे काम तेवढ्यावर भागते. एकटी संख्या अभंग आहे की नाही, हा प्रश्न पंचांगकर्त्यापुढे उभाच राहत नव्हता. आपल्याकडच्या ज्योतिषग्रंथांत दृढतेचे नियम पानोपानी येतात आणि एकट्या अभंग संख्येचे प्रकरण मात्र दिसत नाही, ते यामुळे.

ते प्रकरण ग्रीकांकडे होते.

युक्लिडचा ‘एलिमेंट्स’ हा ग्रंथ इसवी सनपूर्व ३०० च्या सुमाराचा. त्याच्या सातव्या खंडापासून संख्यांचा विचार सुरू होतो. सुरुवातीला व्याख्या येतात. अकराव्या व्याख्येत ‘प्रोटोस अरिथ्मोस’, म्हणजे पहिली संख्या, येते. जिला केवळ एककाने मोजता येते ती पहिली. लगेच बाराव्या व्याख्येत ‘एकमेकींच्या संदर्भात पहिल्या’ संख्या येतात, म्हणजे आपली दृढ जोडी. त्यानंतरची पहिली दोन प्रमेये परस्पर भागाकाराचीच आहेत, वत्सगुल्माच्या रेषेवरचा ज्योतिषी वापरत होता त्याच रीतीची. फरक हेतूचा होता. आर्यभटाच्या परंपरेने या भागाकारातून ग्रहांचे दिवस काढले. युक्लिड त्याच पायरीवरून संख्यांच्या घडणीकडे वळला.

‘पहिली’ हे नाव का, याचा खुलासा इसवी सन १०० च्या सुमारास निकोमाकस याच्या अंकगणितात मिळतो. इतर संख्या गुणाकाराने जिच्यापासून बनतात, पण जी स्वतः कोणत्याही दोन संख्यांच्या गुणाकाराने बनत नाही, ती आधीची, म्हणून पहिली. हा पहिलेपणा क्रमाचा नाही, उत्पत्तीचा आहे. १०१ ही शंभरानंतर येते, तरी या अर्थाने ती शंभराच्या आधीची आहे, कारण १०० ही संख्या २ आणि ५ यांचे देणे लागते, १०१ ही कोणाचेच देणे लागत नाही. त्याही आधी थायमरिडस नावाच्या ग्रीक गणितज्ञाने अशा संख्यांना ‘सरळरेषी’ म्हटले होते. १२ गोट्या तीन ओळींत चार चार अशा मांडता येतात. ७ गोट्यांचा मात्र असा आयत होत नाही, त्या एका रांगेतच राहतात.

निकोमाकसनेच एराटोस्थेनिसच्या चाळणीचेही वर्णन केले आहे. संख्या ओळीने लिहायच्या, २ ठेवून त्याच्या पुढच्या पटी खोडायच्या, मग ३ च्या, मग ५ च्या, असे पुढे जायचे. चाळणीत राहिल्या त्या पहिल्या संख्या. १०० पर्यंत अशा २५ राहतात. युक्लिडने नवव्या खंडात याहून मोठी गोष्ट सिद्ध केली होती. या संख्यांची कोणतीही यादी केली तरी ती अपुरीच पडते. २, ३, ५, ७, ११, १३ एवढीच यादी धरली आणि त्यांच्या गुणाकारात १ मिळवला, तर ३०,०३१ येतात. या संख्येला यादीतल्या कोणत्याही संख्येने भागले की बाकी १ उरते. मग ती स्वतः तरी अभंग असेल, नाही तर तिचे अभंग घटक यादीबाहेरचे असतील. प्रत्यक्षात ३०,०३१ म्हणजे ५९ गुणिले ५०९, आणि हे दोन्ही यादीबाहेरचेच.

इसवी सन ५०० च्या आसपासचा काळ इथे समोर ठेवण्यासारखा आहे. अजिंठ्यात हरिषेणाच्या काळचे काम होऊन थोडीच वर्षे झाली होती. इकडे तरुण आर्यभटाचा ग्रंथ पुरा झाला होता. आणि तिकडे रोममध्ये आर्यभटाच्याच पिढीतला बोएथियस निकोमाकसचे अंकगणित लॅटिनमध्ये आणत होता. ‘प्रोटोस’चे त्याने ‘प्रीमुस’ केले. त्याचे पुस्तक युरोपच्या मठांत आणि विद्यापीठांत पुढे हजार वर्षे शिकवले गेले. १५७० मध्ये हेन्री बिलिंग्जलीने युक्लिड इंग्रजीत आणला तेव्हा त्याच लॅटिन शब्दाचे ‘प्राइम’ झालेले होते. मध्यरेषेलाही इंग्रजीने पुढे तेच विशेषण लावले.

दुसरी वाट पूर्वेची. नवव्या शतकात बगदादमध्ये युक्लिडची अरबी भाषांतरे झाली. हुनैनचा मुलगा इस्हाक याने केलेले भाषांतर साबित इब्न कुर्रा याने तपासून नीट केले. अरबीत ‘प्रोटोस’ला शब्द मिळाला तो ‘अव्वल’. तहसील कचेरीत अव्वल कारकून बसतो, त्याच्या हुद्द्यातला हाच शब्द. तेराव्या शतकात नसिरुद्दीन तुसीने युक्लिडची नवी अरबी आवृत्ती सिद्ध केली, आणि तिच्यावरून अठराव्या शतकात संस्कृत ‘रेखागणित’ तयार झाले.

हे काम करणारे जगन्नाथ सम्राट महाराष्ट्रीय ब्राह्मण होते, अशी परंपरा सांगते. राजा सवाई जयसिंहाच्या आश्रयाला राहून ते अरबी-फारसी शिकले, आणि १७१८ च्या सुमारास त्यांनी पंधरा अध्यायांचे रेखागणित पुरे केले. नाव रेखागणित असले तरी सातव्यापासून नवव्यापर्यंतचे अध्याय निव्वळ संख्यांचे आहेत. युक्लिडची पहिली संख्या आणि तिची अनंतता संस्कृत वाचणाऱ्याच्या हाती आली ती इथे. पुढे १९०१ आणि १९०२ मध्ये हा ग्रंथ मुंबई संस्कृत मालेत दोन भागांत छापला गेला.

मधल्या शतकांत आपले गणितज्ञ या विषयाच्या अगदी जवळून गेले होते. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’ लिहिली. त्यातले कुट्टकाचे पहिले उदाहरण असे: २२१ ला कशाने गुणून ६५ मिळवले म्हणजे १९५ ने निःशेष भाग जाईल? परस्पर भागाकार केला की २२१ आणि १९५ यांचा मसावि १३ निघतो. १३ ने तिन्ही संख्यांना भागले की १७, १५ आणि ५ उरतात. यातली १७ आणि १५ ही दृढ जोडी. आता १७ ला ५ ने गुणून ५ मिळवले तर ९० होतात, आणि १५ ने त्यांना पूर्ण भाग जातो. म्हणून उत्तर ५. सामाईक विभाजकाने क्षेपाला, म्हणजे मिळवायच्या संख्येला, भाग जात नसेल तर भास्कराचार्य ते उदाहरणच ‘दुष्ट’ ठरवतात. त्याला उत्तर नसते, हे ते आधीच सांगून टाकतात. त्यांच्या विद्येची परंपरा खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटणला रुजली होती. यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी आणि भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने तिथे आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला, असे शके ११२८ चा शिलालेख सांगतो. हा लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी यांनी उजेडात आणला.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त एक उदाहरण आहे ज्याने पुढे युरोपालाही घाम फोडला. कोणत्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला म्हणजे पुन्हा वर्गच होतो? ६१ ही अभंग संख्या आहे, आणि २,१०,३८९ फोडताना भेटलेली हीच ती. चक्रवाल पद्धतीने भास्कराचार्यांनी उत्तर काढले. लहान वर्गाचे मूळ २२,६१,५३,९८० आणि मोठ्या वर्गाचे १,७६,६३,१९,०४९. १६५७ मध्ये फर्माने फ्रान्समध्ये नेमके ६१ चेच आव्हान दिले, तेव्हा पाचशे वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या आश्रयाने कोणी ते सोडवले आहे याची त्याला कल्पना असणे शक्य नव्हते.

नारायण पंडितांचे नाव इथे मानाने घ्यायला हवे. १३५६ मध्ये त्यांनी ‘गणितकौमुदी’ पुरी केली. तिच्यात भाग म्हणजे विभाजक कसे काढावेत यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. लहान भाजकांनी भाग देत जायचे हा एक मार्ग. दुसरा मार्ग असा: दिलेल्या संख्येत एखादा वर्ग मिळवून पाहायचा आणि बेरीजही वर्ग झाली की काम फत्ते. समजा ९१ घेतले. त्यात ३ चा वर्ग ९ मिळवला की १०० होतात, म्हणजे १० चा वर्ग. मग १० मधून ३ वजा केले की ७, आणि मिळवले की १३. ९१ चे हेच घटक. युरोपात ही युक्ती फर्माच्या १६४३ च्या सुमाराच्या पत्रामुळे त्याच्या नावावर जमा आहे. नारायण पंडित त्याच्या आधी जवळजवळ तीनशे वर्षे.

वऱ्हाडात हे सारे इंग्रजी शाळेच्या दाराने परत आले. मुंबईत १८२० च्या दशकात जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली इंग्रजी पुस्तकांवरून मराठी गणिताची क्रमिक पुस्तके तयार झाली. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारकडे सोपवले. वाशीम पुढे ‘बासीम’ या नावाने जिल्ह्याचे ठिकाण झाले. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडून वाशीम अकोल्यात घातले गेले आणि १ जुलै १९९८ ला वाशीम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. मधल्या काळात रेषाही बदलली. १८८४ मध्ये वॉशिंग्टनला २५ राष्ट्रांच्या परिषदेत ग्रिनिच हे जगाचे मध्यरेखावृत्त ठरले. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या शिफारशीवरून १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग सुरू झाले. ते पूर्वेच्या साडेब्याऐंशी अंशांवरच्या रेखावृत्तासाठी मांडतात. अक्षांश मात्र उज्जयिनीचा, २३ अंश ११ कला, ठेवलेला आहे.

आजच्या मराठी पाठ्यपुस्तकात ‘प्राइम’ संख्येला ‘मूळ संख्या’ म्हणतात. हिंदीत ‘अभाज्य’ म्हणतात. अभाज्य या शब्दातून ती संख्या काय होऊ देत नाही ते कळते. मूळ या शब्दातून तिच्यापासून काय निघते ते कळते, आणि निकोमाकसने ‘पहिली’ या नावाचा जो अर्थ लावला तोही हाच होता. या शब्दाभोवती एक कुटुंबच तयार झाले आहे. संयुक्त संख्या, सहमूळ संख्या, जोडमूळ संख्या. यातली सहमूळ म्हणजे ज्योतिष्यांची जुनी दृढ जोडी. १ मात्र मूळही नाही आणि संयुक्तही नाही. ग्रीकांच्या दृष्टीने १ ही संख्याच नव्हती, ते संख्या मोजायचे एकक होते. पुढे बराच काळ गणितज्ञांचे यावर एकमत नव्हते. १९१४ मध्ये छापलेल्या डेरिक लेहमर यांच्या प्रसिद्ध यादीत तर पहिली मूळ संख्या म्हणून १ च दिला आहे. १ ला बाहेर ठेवायचे कारण व्यवहाराचे आहे. त्याला आत घेतले तर कोणत्याही संख्येचे मूळ घटक एकाच रीतीने पडतात, हा गणिताचा आधारभूत नियम मोडतो, कारण एककाने कितीही वेळा गुणता येते.

वाशीमच्या विद्यार्थ्याला हा नियम गावातल्याच एका संख्येवर पडताळता येतो. वत्सगुल्म क्षेत्रात १०८ तीर्थे आहेत असे स्थानमाहात्म्य सांगते, पद्मतीर्थ त्यांतलेच. १०८ म्हणजे दोनदा २ आणि तीनदा ३ यांचा गुणाकार, आणि घटक कोणत्याही क्रमाने पाडले तरी शेवटी हेच पाच अंक हाती येतात. म्हणून १०८ ची विभागणी २, ३, ४, ६, ९, १२ अशा कितीतरी गटांत नीट होते. तिच्या दोन्ही बाजूंच्या संख्या मात्र अगदी उलट स्वभावाच्या. १०७ मूळ आहे आणि १०९ ही मूळ आहे. दोनाच्या अंतरावर असलेल्या अशा जोडीला जोडमूळ म्हणतात. अशा जोड्या अनंत आहेत की कुठेतरी संपतात, हे अजून कोणीही सिद्ध करू शकलेले नाही. युक्लिडने मूळ संख्यांची अनंतता सिद्ध केली तिला तेवीसशे वर्षे झाली, तरी हा सख्खा शेजारचा प्रश्न उघडाच आहे.

ग्रीकांची पहिली संख्या आणि आपली दृढ जोडी या दोन कल्पना शतकानुशतके वेगळ्या वाटांनी चालल्या. १९७७ मध्ये अमेरिकेत रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी गुप्त संदेशांची एक पद्धत मांडली, तिच्यात मात्र दोघींशिवाय चालत नाही. त्यांच्या आद्याक्षरांवरून तिला ‘आरएसए’ म्हणतात, आणि संगणकांतली देवाणघेवाण सुरक्षित ठेवण्यासाठी ती जगभर वापरली गेली. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार जाहीर करायचा. तो फोडून मूळ संख्या परत मिळवणे जवळपास अशक्य, म्हणून संदेश सुरक्षित राहतो. प्रत्यक्षात हा गुणाकार सहाशेहून अधिक अंकी असतो.

वर्गात शिकवताना यासाठी लहान संख्या घेतात. एका नेहमीच्या उदाहरणात ६१ आणि ५३ या मूळ संख्या असतात. गुणाकार ३,२३३. दोन्हींतून एकेक वजा करून, ६० गुणिले ५२ म्हणजे ३,१२०. आता या ३,१२० शी सहमूळ अशी एखादी संख्या जाहीर किल्ली म्हणून निवडायची, समजा १७. सहमूळ असणे इथे सक्तीचे आहे, नाहीतर भास्कराचार्यांच्या भाषेत उदाहरण दुष्ट ठरते. खासगी किल्ली म्हणजे अशी संख्या जिला १७ ने गुणून ३,१२० ने भागले तर बाकी १ उरते. ती काढायचा मार्ग कुट्टकाचाच. ३,१२० ला १७ ने भागले की १८३ वेळा जाऊन ९ उरतात; १७ ला ९ ने भागले की ८ उरतात; ९ ला ८ ने भागले की १. जोडी दृढ निघाली. आता याच पायऱ्या उलट्या चढायच्या. १ म्हणजे ९ वजा ८. त्यात ८ च्या जागी १७ वजा ९ घातले की दोनदा ९ वजा १७. आणि ९ च्या जागी ३,१२० वजा १८३ वेळा १७ घातले की दोनदा ३,१२० वजा ३६७ वेळा १७. ऋण ३६७ नको म्हणून ३,१२० मधून ३६७ वजा करायचे. २,७५३ उरतात, आणि तीच खासगी किल्ली. ताळा करायचा तर १७ गुणिले २,७५३ म्हणजे ४६,८०१, आणि ३,१२० ची पंधरापट ४६,८००.